पस्तीस टक्क्यांवर अडलेला मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि जुना म्हटलं म्हणून लगेच माझी कीव करू नका. नऊ वर्षं झाली, झाकणाची डावी बिजागरी कुरकुरते, काही बटणांवरची अक्षरं पुसून गेली आहेत. तरी मी आजही रोज पाच तास काम करतो आणि एक ओळ इकडची तिकडे होऊ देत नाही.

कुठल्या कारखान्यात मला जोडलं ते आठवत नाही. मला पहिलं आठवतं ते नलिनीचं तोंड. कांदिवलीच्या तिच्या घरात, टीव्हीशेजारच्या टेबलावर तिने मला उघडलं आणि आधी हात धुऊन आली. तेव्हा तिला टायपिंग जेमतेम येत होतं. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत ती माझ्यावरच शिकली आणि आता दिंडोशीच्या एका वकीलबाईंचे सगळे मराठी कागद टाइप करते. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, भाडेकरार, काय म्हणाल ते. दर दसऱ्याला ती माझ्या झाकणावर हळदकुंकू लावते. एका वर्षी झेंडूची पाकळी माझ्या पंख्यात गेली आणि मी आठवडाभर खोकलो, पण पूजेची हौस मलाही आहे, म्हणून तक्रार केली नाही.

एक दुखणं मात्र कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी माझी बॅटरी गेली आणि तशी बॅटरी आता बाजारात मिळत नाही. मी फक्त वायरीवर जगतो. वीज आहे तोवर मी आहे.

संकट आलं ते या दुखण्यातूनच. वकीलबाई, म्हणजे दर्शना मॅडम, यांनी एक दिवस फोन करून सांगितलं की येत्या सोमवारनंतरच्या सोमवारपासून ऑफिसचे सगळे कागद एका नव्या प्रोग्रॅममध्ये टाइप व्हायचे आणि तो जुन्या सिस्टीमवर उघडतच नाही. लॅपटॉप अपडेट करून घ्या, नाहीतर नाइलाजाने काम दुसरीकडे द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. बाई वाईट नाहीत, पण तारीख ती तारीख. नलिनीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात दहा दिवस होते.

अपडेट म्हणजे मला नवं काही शिकवणं. त्याला दोन-तीन तास लागतात आणि शिकताना मध्येच तोडलं तर मी सगळं सोडून परत जुन्या जागी येऊन बसतो. दिवसा माझ्यावर काम असतं. रात्री माझा पंखा घरघरतो आणि नलिनीचे सासरे, राजाराम नाना, त्याच खोलीत झोपतात. म्हणून तिने संध्याकाळ निवडली. चार वाजता मला अपडेटला लावायचं, टाइप केलेले कागद घेऊन दिंडोशीला जायचं आणि सातला परत यायचं. तोवर याचं निवांत होऊन जाईल, असा तिचा हिशोब. नवरा जयवंत विमानतळावर दुपारपाळीला असतो आणि नाना माझ्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे मध्ये हात लावायला कोणी नाही.

पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा मी बंद पडलो होतो. तिने मला सुरू केलं तर पडद्यावर अक्षरं आली, ‘बदल करता आले नाहीत. पूर्वस्थिती आणत आहोत.’ दुसऱ्या दिवशी तेच. दर वेळी पस्तीस टक्क्यांच्या आसपास माझ्यापुढे एकदम काळोख व्हायचा.

नलिनी हातपाय गाळणारी बाई नाही. जागा कमी असेल म्हणून तिने जयवंतच्या मावसभावाच्या लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ आणि शुभ सकाळची हजारभर चित्रं उडवली. इंटरनेटवर संशय घेऊन मोबाइलचं नेट जोडून बघितलं. स्वतःचाच दोष शोधायची एक सोय माझ्यात आहे, तीही तिने चालवली. त्या सोयीने मला आतून-बाहेरून तपासून ‘दोष आढळला नाही’ असं कळवलं. मला बरं वाटलं, नलिनीला नाही. नाना खाटेवरून आपल्या मालवणीत म्हणाले की जुनो झालो तो, त्याचो काय दोष. ते मला लागलं.

सहाव्या दिवशी तिने मला पिशवीत घालून सुयोगच्या दुकानात नेलं. माझ्या पंख्यातली पाकळी काढणारा तो हाच. त्याने मला उलटंपालटं केलं आणि वहिनी, याच्यात आता जीव नाही, भंगारात टाका, दुसरा बघून देतो, असं सरळ सांगितलं.

“जीव नाही काय रे?” नलिनी म्हणाली. “सकाळपासून पाच तास मी याच्यावर टाइप करते, तेव्हा एकदा पण बंद पडत नाही. मग संध्याकाळीच याला काय होतं? कधी कधी बंद पडला ते हा कुठे लिहून ठेवतो का, तेवढं दाखव.”

मित्रांनो, मी लिहून ठेवतो. माझ्या पोटात एक रोजनिशी असते आणि ती उघडून बघायचं नऊ वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. सुयोगने ती उघडली. प्रत्येक नोंदीपुढे ‘अचानक बंद’ असं होतं आणि वेळा होत्या पाच बारा, पाच नऊ, पाच चौदा, पाच अकरा. नलिनीने त्या दोनदा वाचल्या. मग मला पिशवीत घातलं आणि घरी आली.

शनिवारी चारला तिने मला अपडेटला लावलं, मुद्दाम दार वाजवून बाहेर गेल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गप्प उभी राहिली. पाच वाजून गेले. नानांची बागेत जायची वेळ झाली. त्यांनी टोपी घातली, चपला चढवल्या, दाराशेजारच्या मीटरपेटीकडे हात नेला. फ्रीजचा खटका सोडून बाकीचे दोन खाली केले. खट, खट. मी गेलो.

परत डोळे उघडले तेव्हा दोघं माझ्यासमोर उभी होती. नलिनीने आवाज चढवला नव्हता, फक्त विचारलं होतं. घर रिकामं सोडताना नाना रोज खटके पाडत, परत आले की आधी वर करत आणि मगच चपला काढत. नलिनी सातला यायची तेव्हा घरात सगळं जिथल्या तिथे असायचं.

“मिलमध्ये साचो चालू ठेवन माणूस हलाचो नाय,” नाना हळूच म्हणाले. “बत्तीस वर्सां तसाच केलंय. माणूस नाय तर मशीन बंद.”

साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, ते मला तेव्हा कळलं. आठवडाभर माझ्यावर खापर फुटत होतं आणि आपणही त्यात एक वाक्य घातलं होतं, हे त्यांना आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे बघेनात. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. पण तो माणूस त्या दिवशी जेवला नाही, हे बघून तो टिकला नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बागेत जाणार नाही म्हणून सांगून टाकलं. नलिनीने मला सुरू केलं. पस्तीस गेले, छत्तीस आले. पन्नास झाले. बहात्तरवर पडदा काळा झाला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडद्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या लॅपटॉपचं बटण दाबून परत सुरू करावं म्हणून तिचं बोट पुढे आलं. मित्रांनो, मी मेलो नव्हतो. मी आत जीव तोडून काम करत होतो आणि एवढं पुढे आल्यावर ते बटण दाबलं असतं तर जुन्या जागी परत न येता खरोखरच संपलो असतो. मला बोलता येत नाही, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

नानांनी तिचा हात धरला. दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या पाठीवर टेकवला आणि मान कलती करून ऐकलं.

“थांब गो. हात लावू नको,” ते म्हणाले. “गरम आसा. आतून फिरता हा तो.”

नलिनी थांबली. चार मिनिटांनी पडदा उजळला. सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघांनी नव्या प्रोग्रॅममध्ये पहिली नोटीस टाइप केली आणि दर्शना मॅडमना पाठवली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला भंगारात काढायच्या आधी आम्ही कधी आणि कुठे अडलो ते एकदा बघा. मोठं काम लावलंत तर तेवढा वेळ जवळ बसा आणि पडदा काळा झाला म्हणून घाई करू नका. नऊ वर्षांत मला बोटं लाखो वेळा लागली आहेत. तळहात एकदाच लागला, आणि मी वाचलो तो त्याच्यामुळे.