पंचवीस अक्षरांचा खोका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. कारखान्यात मला घड्या घालून चिकटवलं आणि माझ्या पोटात एक चकचकीत तबकडी ठेवली. तिच्याखाली पंजाएवढं एक कार्ड होतं. त्यावर पंचवीस इंग्रजी अक्षरं आणि आकडे छापलेले होते. तोच परवाना. तो भरल्याशिवाय लिहिण्या-छापण्याचं सॉफ्टवेअर चालत नाही, आणि भरला तरी एका वेळी एकाच संगणकावर चालतं.

टंकलेखनाचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका काकांनी मला विकत घेतलं. त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून आणलं होतं. सॉफ्टवेअर संगणकात चढलं. मला नीट जपायला त्यांनी पुतणीला बजावलं आणि स्वतःच खणात टाकून दिलं.

पुढची नऊ वर्षं सांगतानाही मला शिसारी येते. तबकडी चहाच्या कपाखाली गेली. मग काका माझ्यात कापलेली नखं टाकू लागले. त्यांच्यामागून दात कोरलेल्या काड्या आल्या, पायाच्या भोवरीवरून सोललेली औषधी पट्टी आली, केसांचा गुंता अडकलेला कंगवा आला. दमट दिवसांत त्या सगळ्यावर करडी बुरशी धरायची. च्युइंगम चघळून झालं की ते न बघता खणात हात घालत आणि माझ्या आत कुठेतरी चिकटवत. मला ओकता आलं असतं तर मी ओकलो असतो.

गेल्या आठवड्यात नवा संगणक आला. पुतणी नियमाने चालणारी. तिने जुन्या संगणकावरचा परवाना मोकळा केला आणि नव्यावर सॉफ्टवेअर चढवलं. त्याने पंचवीस अक्षरं मागितली. आता दोन्ही संगणकांवर फाईल नुसती वाचता येत होती, बदलता येत नव्हती.

तेवढ्यात वनस्पतिशास्त्राच्या बाई धापा टाकत आल्या. शाळेच्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेली कंदांची पुस्तिका इथेच टंकून छापखान्यात गेली होती. तिच्यात दोन चित्रांखालची नावं अदलाबदल झाली होती.

"एक कंद खायचा आहे, एक विषारी," बाई म्हणाल्या. "मुलं ही पुस्तिका घेऊन रानात जाणार आहेत."

छापखाना पाचपर्यंतच थांबणार होता. चार वाजून गेले होते. कुणाकडून तरी चोरीची प्रत आणू, कोण बघतंय, असं काकांनी सुचवलं.

"अहो काका, आपला परवाना असताना चोरीची कशाला? कार्ड कुठे ठेवलंत ते सांगा."

काकांनी खणाकडे बोट दाखवलं. नुसतं बोट. जागचे हलले नाहीत.

पुतणीने नाकाला रुमाल बांधून मला उघडलं. नखं झटकली, पट्टी चिमट्याने उचलली. कार्डावरची तेवीस अक्षरं स्पष्ट होती. शेवटच्या दोहोंवर च्युइंगमचा गोळा बसला होता.

बाईंनी तो ओढू दिला नाही. गार केला की कडक होऊन सुटेल, म्हणाल्या. शेजारच्या दुकानातून बर्फ आणला. दहा मिनिटांनी गोळा टक् करून निघाला आणि कार्डावर पांढरा डाग राहिला. शाई गोळ्याबरोबर गेली होती.

"झालं कल्याण," काका म्हणाले.

पुतणीने तो चघळलेला गोळा बोटांत धरला, उलटा केला आणि भिंतीवरच्या आरशासमोर नेला. श्वास रोखून तिने गोळ्यावर उलटी उमटलेली अक्षरं आरशात वाचली.

"सात," ती म्हणाली. "आणि... के."

सॉफ्टवेअर सुरू झालं. बाईंनी दोन्ही नावं मोठ्याने वाचली, चित्रांवर बोट ठेवून पुन्हा वाचली. पाचला दहा कमी असताना फाईल गेली. पुतणीने पंचवीस अक्षरं वहीत उतरवली आणि साबणाने तीनदा हात धुतले.

"बघ, खणातच होतं की नाही," काका म्हणाले.

मित्रांनो, ज्या वस्तूवाचून कुणाचं काम अडेल ती स्वच्छ जागी ठेवा. मी पुठ्ठा आहे, माझं व्हायचं ते होईल. पण घाण केली काकांनी आणि तिच्यात बोटं घालावी लागली पुतणीला. नखांपेक्षा मला त्याचीच जास्त किळस आली.