चाळीस मिनिटांचा विरोध

छोटी टपाल कार्यालयं बंद करायचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला, तेव्हा मत्स्यमंत्र्यांनी चाळीस मिनिटं कडाडून विरोध केला. त्यांची बायको अशाच एका कार्यालयात पोस्टमास्तर होती. दोन शिक्के, डिंकाची बाटली आणि डुगडुगती खुर्ची, एवढाच तिचा कारभार, पण तो तिचा होता.

प्रस्ताव मंजूर झाला. मंजूर झाला की तो सगळ्यांचा. पटत नसेल त्याने राजीनामा द्यावा, हा नियम. त्यावर पंतप्रधानांनी एक प्रथा पाडली होती: आत जो सगळ्यात जास्त भांडेल, त्यानेच सभागृहात निर्णय जाहीर करायचा.

"यांना सगळ्या अडचणी पाठ आहेत," पंतप्रधान म्हणाले. "उत्तरं आपोआप सुचतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विचारलं, "अहो, मग राजीनामा देताय ना?"

"दिला तर आत तुझी बाजू कोण मांडणार?"

"काल मांडलीत ना? काय झालं तिचं?"

"हरली. पण मांडली होती छान."

बायकोने चष्मा पुसला. "आज तोंडातून 'आम्ही' निघालं, तर घरी यायची तसदी घेऊ नका."

मत्स्यमंत्र्यांनी खरंच राजीनामा लिहून खिशात ठेवला. भाषणात अडखळायचंही ठरवलं होतं. पण भाषण असं रंगलं की त्यांचं त्यांनाच पटू लागलं. विरोधी बाकावरून कुणीतरी विचारलं, "मंत्रिमंडळात एकानेही विरोध केला नाही?"

"आम्ही एकमताने निर्णय घेतला," ते म्हणाले. बाकं वाजली. त्यांनी खिशातल्या कागदाने कपाळावरचा घाम टिपला. शाई थोडी कपाळाला लागली.

संध्याकाळी घराच्या दाराबाहेर त्यांची बॅग होती. शेजारी खुर्ची टाकून आई बसली होती.

"आमची बैठक झाली," आई म्हणाली. "सूनबाई, तुझी लेक आणि मी. तू काही दिवस विश्रामगृहात राहावंस, असं एकमताने ठरलंय. आम्हाला ते योग्य वाटतं."

"आई, तूसुद्धा?"

आईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी चाळीस मिनिटं भांडले रे. म्हणून तर सांगायला मला पाठवलं."

"मग तूही बाहेर पडायचंस माझ्याबरोबर."

"मी बाहेर पडले तर आत तुझी बाजू कोण मांडणार?" आई म्हणाली. मग पदराने मुलाच्या कपाळावरची शाई पुसली, खुर्ची उचलली आणि आत जाऊन कडी लावून घेतली.