स्टुलाचं विधेयक

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं विधानसभेचा अध्यक्ष आहे. घरी मात्र प्यायलेला पेला विसळून ठेव, हे अजून मलाच सांगावं लागतं. आमदार त्याला पाठीमागे मौनीबाबा म्हणतात, कारण अध्यक्षाने कुणाची बाजू घ्यायची नाही, हे त्याच्या हाडीमांसी खिळलंय.

वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी कापडदुकानात लागले आणि एकतीस वर्षं उभी राहिले. बसलेली पोरगी गिऱ्हाइकाला आळशी वाटते, असं मालक म्हणायचा. त्या पगारावर भाऊ वकील झाला, मग सहा निवडणुका जिंकला. माझ्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या त्या फुगल्याच.

या अधिवेशनात विधेयक आलं: दुकानात उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला स्टूल द्यायचं. मतं समसमान पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी चहा पिताना भाऊ म्हणाला, "ताई, बरोबरी झाली तर माझ्या मतावर निकाल. आणि रिवाज असा आहे, की अध्यक्षाने आहे तेच चालू ठेवायचं."

"म्हणजे तू विरोधात?"

त्याने पेला न विसळताच खाली ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग जाताना माझे पाय बघून जा!"

त्याने खरंच बघितले, आणि मान खाली घालून निघून गेला. मला घरात बसवेना. दुपारी मीही जाऊन प्रेक्षकांच्या सज्जात बसले. तो नाही म्हणणारच असेल, तर माझ्या तोंडावर म्हणू दे.

मतदान पुकारायच्या आधी तो उठला. उपाध्यक्षांना आपल्या जागी बसवलं आणि खाली उतरून सगळ्यात मागच्या बाकाशी, साध्या आमदारासारखा बोलायला उभा राहिला.

"अध्यक्षाला बाजू नसते, म्हणून खाली आलो. मी शिकलो तो माझ्या बहिणीच्या पायांवर. माझं मत या विधेयकाला."

समोरून कुणीतरी ओरडलं, "आता ती खुर्ची परत मिळायची नाही!"

"माहीत आहे," तो म्हणाला.

विधेयक पास झालं, अगदी काठावर. मला रडू आवरेना. कठडा धरून मी उभी राहिले, तसा सज्जातला शिपाई धावत आला.

"आजी, इथे उभं राहायला मनाई आहे. बसा बघू."

एकतीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी बसले.