पाखरीची गोळी

दिवाळी झाली की धुळा धनगराचा मेंढरांचा फिरता वाडा सांगोल्याकडच्या वस्तीवरून निघायचा आणि मोहोळ, माढ्याच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत सीनेच्या काठापर्यंत जायचा. धुळाची बायको केराबाई लग्न होऊन आली त्या सालापासून ती वाट चालली होती. भांडी, घोंगडी, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं पाखरी घोडीच्या पाठीवर, आणि केराबाई तिच्या अंगावर हात ठेवून बाजूनं. यंदा मात्र दोघी मागं राहिल्या.

पाखरीचं दुखणं उन्हाळ्यातच दिसायला लागलं होतं. बाकीच्या घोड्यांचे थंडीतले केस झडून अंगं तुकतुकीत झाली, हिच्या अंगावर मात्र कुरळ्या केसांची झूल तशीच. ती हौद खाली करीत पाणी प्यायची. पाठ सुकली, पोट सुटलं, मग पुढची खुरं तापून ती काट्यांवर पाय टाकल्यासारखी चालू लागली. धुळा म्हणाला, म्हातारी झाली. केराबाईला ते पटेना. तिनं सोलापूरच्या जनावरांच्या डॉक्टर संस्कृती मॅडमना बोलावलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट घेऊन परत आल्या.

"मावशी, मेंदूच्या बुडाला एक बारीकशी ग्रंथी असते. हिची बिघडलीय. नको तेवढा रस अंगात सोडतेय. हा आजार बरा होत नाही, पण रोज गोळी दिली तर ती सुखानं जगेल. जन्मभर द्यायची, चुकवायची नाही. गूळ, उसाचं वाढं, हिरवं गवत बंद. पाठीवर ओझंही नको."

"मी देते की, आत्या," सून रुपाली म्हणाली. "तुमी जावा वाड्यासंगं." तिला दिवस गेले होते, म्हणून नवरा जोतिराम वाड्यासंगं गेला तरी ती घरी राहणारच होती.

मॅडमनी मान हलवली. "तुम्ही नाही. गरोदर बाईनं या गोळीला हात लावायचा नसतो."

केराबाई उठली आणि प्रवासाचं बांधायला काढलेलं स्वतःचं घोंगडं पुन्हा वळणीवर टाकलं.

वाडा निघाला त्या सकाळी धुळानं नवं तट्टू लादलं. मेंढरांची धूळ ओढ्यापलीकडं गेली तरी पाखरी दाव्याला ताण देत खिंकाळत होती. केराबाई तिच्या मानेशी उभी राहिली. तिला स्वतःलाही तेच करावंसं वाटत होतं.

गोळी देणं सोपं नव्हतं. भाकरीत घातली तर पाखरी भाकरी खाऊन गोळी तेवढी ओठातून खाली टाकायची. पाण्यात विरघळवून पिचकारीनं तोंडात सोडली, तर मान झटकून केराबाईचं लुगडं भिजवायची. शेवटी काकडीच्या फोडीला चीर पाडून आत गोळी बसवली. ती पाखरीनं कराकरा चावून गिळली. मग तोच रोजचा नेम झाला. भिजवलेला कडबा, काकडी, हात धुणं, अन् मोकळी सोडायची तर हिरवं खाऊ नये म्हणून तोंडाला मुसकं.

संध्याकाळी धुळाचा फोन यायचा.

"कुटं हायसा?" ती विचारायची.

"मोहोळच्या अलीकडं. जोतिराम वाघरा लावतोय."

मेंढरांभोवती लावलेली वाघरांची जाळी, वाऱ्यावर हलणारी चूल, उघड्यावरची झोप, सगळं तिच्या डोळ्यांपुढं यायचं. घरात पत्र्याखाली तिला झोप लागत नव्हती. ती अंगणात पाखरीजवळच पडायची.

फाल्गुनात रुपाली बाळंतपणाला माहेरी गेली आणि घर अगदीच ओकं झालं. त्याच दिवसांत खरारा करताना केराबाईच्या हातात केसांचे पुंजके यायला लागले. खालून पाखरीचा जुना तांबूस रंग निघाला. पाऊलही मोकळं पडू लागलं. मॅडमनी तपासून समाधानानं मान डोलावली, तेव्हा केराबाईनं विचारलं, "हिला वाड्यावर न्हेऊ का? नुसती भेटवायला."

"गाडीतून न्या. चालवू नका फार. आणि गोळी बरोबर घ्या."

केराबाईनं पिकअप ठरवला. माढ्याजवळच्या रानात गाडी थांबली, तशी पाखरीनं कान टवकारले. फळी टाकून तिला उतरवली. ती मेंढरांत शिरली, त्यांची अंगं हुंगत राहिली. धुळानं तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग बायकोकडं बघितलं.

"वाळलीस की गं."

"तुमी काय मोठं सुटलायसा," केराबाई म्हणाली, आणि चुलीपुढं बसली. पीठ मळताना तिला भरून आलं. रात्री उघड्यावर तिला गाढ झोप लागली.

सकाळी वाडा हलायचा होता. जोतिराम सामान एकत्र करीत होता. नवं तट्टू अजून झाडाखालीच होतं. एवढ्यात पाखरी आपणहून चालत आली आणि सामानाच्या ढिगाला लागून उभी राहिली. पूर्वी रोज उभी राहायची तशी, मान खाली घालून, पाठ स्थिर. लादण्याची वाट बघत.

जोतिरामचे हात थांबले.

केराबाईनं आपलं घोंगडं घेतलं, घडी केली आणि तिच्या पाठीवर ठेवलं. "एवढंच," ती म्हणाली. "बांधापस्तोर येतो आमी."

वाडा निघाला. पाखरी मेंढरांपुढं संथ चालत होती, केराबाईचा हात तिच्या अंगावर. बांध आला तशी केराबाईनं कासरा आवळला. मेंढरं दोन्ही अंगांनी पुढं निघून गेली. धुळा शेवटाला होता.

"जातो," तो म्हणाला. "मिरगाच्या आदी येतो की."

"हं. बाळाचं काय कळलं की फोन करीन."

तो थोडं गेला, मग वळून म्हणाला, "हिला जप."

पाखरी वाटेकडं बघत राहिली. केराबाईनं घाई केली नाही. धूळ बसल्यावर तिनं ओच्यातली काकडी काढली, चीर पाडली आणि गोळी आत सरकवली. पाखरीनं आधी तोंड फिरवलं. केराबाई तळहात पुढं करून तशीच थांबली. बऱ्याच वेळानं घोडीनं मान वळवून तिच्या हातातली फोड उचलली.