थोरलीचा नारळ

गाडीने वळण घेतलं आणि भामाबाईंच्या पिशवीतला नारळ सुटला, तो गडगडत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला.

“कुणाचा रं ह्यो?” पुढच्या सीटवरच्या नानासोंनी तो उचलून उंच धरला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नारळ कुणाचा आणि कशासाठी आणलाय, हे अर्ध्या गाडीला ठाऊक होतं. शेवटी लीलाबाईच उठली. दांडीला धरत पुढे गेली, नारळ घेऊन आली, पदराने पुसून सासूच्या पिशवीत खणाखाली नीट बसवला.

“आता न्हाई पडायचा, आत्या.”

भामाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. सून आदळआपट करती तर बरं झालं असतं. दोन शब्द ऐकवता आले असते. ही पोर मेली भांडायलाच तयार नव्हती.

कुंडलच्या चाळीस बाया-माणसांची ती सहल होती. दुष्काळ सरून चांगलं पीक हाती आलं, तेव्हा सोसायटीच्या नानासोंनी एस.टी.ची गाडी ठरवली. सकाळी साताऱ्याचा किल्ला झाला, आता वाघदऱ्याचा राजवाडा, मग घर. कार्यक्रमाच्या कागदावर नसलेला एक थांबा भामाबाईंनी नानासोंकडून मागून घेतला होता. विट्याच्या अलीकडच्या फाट्यावर, पंधरा मिनिटं. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर एक मुलगी होती.

सयाजी त्यांचा एकुलता एक. पलटणीत हवालदार. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात पाळणा नाही. दुसरी करायची, असं भामाबाईंनी मनाशी ठरवलं आणि पोराला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं, तू आणि ती मिळून काय ते ठरवा. आता ‘ती’ काय ठरवणार! मान हलवून मोकळी झाली.

दुसरी आणायची तर पहिलीनेच जाऊन तिला कुंकू लावायचं, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणून लीलाबाईच्या कमरेच्या पिशवीत आज कुंकवाचा करंडा होता. भामाबाईंना यात वावगं दिसत नव्हतं. त्या स्वतः धाकटी म्हणूनच या घरात आल्या होत्या. थोरलीने त्यांना कुंकू लावलं होतं, आणि उभ्या जन्मात एक भांडण झालं नव्हतं. हे त्या सगळ्यांना सांगत. गेल्या महिन्यात तर जरा जास्तच वेळा सांगत होत्या.

राजवाड्याच्या दाराशी बायकांनी आपण होऊन चपला काढल्या. आतल्या दालनात भिंतीवर सरकारांची मोठी तसबीर होती. बनाबाईने तिच्यापुढे डोकं टेकवलं, मग ओळीने सगळ्यांनीच टेकवलं.

“आवं, ह्यो देव न्हाई,” वाडा दाखवणारा म्हातारा केरबा कळवळून म्हणाला. “सरकार हायत. गेली चाळीस वरसं सांगतोय, कुणी ऐकंल तर शपथ!”

“आसू द्या की वं. डोस्कं काय झिजतंय व्हय?” बनाबाई म्हणाली, आणि सगळी हसली.

हसतहसतच सगळी माजघरात शिरली. मधोमध शिसवी पाळणा टांगलेला होता. चारी कोपऱ्यांना पितळी मोर, पांढऱ्या सुताची जाड दोरी. बनाबाईचा हात गेलाच दोरीकडे.

“आगं ए, रिकामा पाळणा हलवू ने!” चार जणी एकदम ओरडल्या, तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

केरबा सांगू लागला. पाळणा थोरल्या बाईसाहेबांनी करवला. त्यांना मूल झालं नाही, मग सरकारांनी दुसरं लग्न केलं. धाकट्यांना दिवस गेले तशा थोरल्यांनी अंगावरच्या पाटल्या मोडल्या, सुतार बोलावला, दोरी स्वतः वळली.

“लय मोठ्या मनाची बाई,” कुणीतरी म्हणालं.

“व्हय. बारशाला मातर त्या हितं न्हवत्या. पाळण्यावर सावली पडाय नगं म्हणून त्यास्नी भायेर बसिवलं हुतं.”

भामाबाईंनी माजघराच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सरकार, शेजारी नथ घातलेली राणी, मांडीवर मूल.

“ह्या थोरल्या का?”

“न्हाई, ह्या धाकट्या. थोरल्यांचा फोटू न्हाई.”

“नाव काय त्यांचं?”

केरबाने डोकं खाजवलं. “नाव... आमी आपलं थोरल्या बाईसाहेबच म्हनतो. कागदात आसंल कुठंतरी.” मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. “आवं बाई, तुमी का भायेर? या की आत.”

लीलाबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. नऊ वर्षांत गावातल्या प्रत्येक बारशाला ती अशीच उभी राहत आली होती. इथे तर पाळण्यात मूलही नव्हतं.

“ऱ्हाऊं द्या,” ती म्हणाली. “हितनं दिसतंय की.”

भामाबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली.

सयाजीच्या बारशाला थोरली अशीच उंबऱ्यावर होती. कुणीतरी आत ये म्हटलं, तर हसून हेच म्हणाली होती, हितनं दिसतंय की. भामाबाई तेव्हा नव्या लुगड्यात, मूल मांडीवर घेऊन पाटावर बसल्या होत्या. ये गं आक्का, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. म्हटलं नाही. बारसं आटोपून बायका गेल्यावर पोर रडून काळंनिळं पडलं, तेव्हा त्याला खांद्यावर टाकून अंगणात फिरवायला मात्र थोरलीच होती. भांडण झालं नव्हतं हे खरंच. भांडायला तिच्या बाजूने होतं कोण? ती जाऊन अकरा वर्षं झाली. घरात तिचा फोटो नव्हता. नाव होतं साळूबाई, आणि ते घेणारंही कुणी उरलं नव्हतं.

भामाबाई उंबऱ्यापाशी गेल्या. सुनेचं मनगट धरून तिला पार पाळण्यापर्यंत आणलं आणि तिचा हात त्या शिसवी लाकडावर ठेवला.

“हितनं बघ,” त्या म्हणाल्या.

बनाबाईने सरकून दोघींना जागा करून दिली.

ऊन उतरू लागलं तशी गाडी फाट्यावर थांबली. चिंचेखाली फेटा बांधलेला एक माणूस वाट पाहत होता, मुलीचा मामा. नानासो मागे वळले.

“भामाकाकू, उतरा. पंधराच मिन्टं बरं का.”

लीलाबाईने कमरेची पिशवी चाचपली, करंडा जागेवर आहे ना पाहिलं, आणि उठली.

“खाली बस,” भामाबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “पावणं, आमी न्हाई येत. तुमचा खोळंबा झाला, माफी करा.”

“आवं, पन पोरगी नेसून बसलीया...”

“गुणाची आसंल. तिला चांगलं थळ बगा. हिकडं थोरली हाय घरात.”

मामा फेटा सावरत उभाच राहिला. नानासोंनी भामाबाईंकडे पाहिलं, मग घंटीची दोरी ओढली. गाडी निघाली.

लीलाबाई मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडू लागलं, आणि ती ते पुसतही नव्हती. भामाबाईंनी पिशवीतला खण काढून तिच्या ओटीत घातला. नारळ घेतला, वाकल्या आणि सीटच्या लोखंडी पायावर दोन घाव घालून फोडला. पाणी गाडीभर सांडलं.

“आवं मावशी, गाडी सरकारची हाय!” ड्रायव्हर ओरडला.

“सरकारला बी देते तुकडा,” भामाबाई म्हणाल्या.

खोबरं हातोहात मागपर्यंत गेलं. बनाबाईने तुकडा आधी कपाळाला लावला.

“कुठल्या देवाचा गं ह्यो परसाद?”

“साळूबाईचा.”

बनाबाई ओठ हलवत देवींची नावं आठवू लागली. लीलाबाईने तुकडा तसाच हातात धरला होता.

“साळूबाई कोन, आत्या?”

“सांगते घरी गेल्यावर. सयाजीला बी सांगायचंय,” भामाबाई म्हणाल्या. “तू आदी खा.”