नवरदेवावर हरकत

ओ, बोट सांभाळा! कापलं तर माझ्या नावानं वरडू नका. मी चर्चच्या दाराशी स्टुलावर बसलेला पत्र्याचा डबा हाय. लोक मला प्रार्थना-पेटी म्हनत्यात. नाव लई पवित्र हाय, मी तेवढा न्हाई.

जलम माझा श्रीरामपुरातल्या एका बेकरीतला. तवा पोटात खारी असायची आन् वरून माश्या. मंग सत्यशीलाबाईंनी मला घरी आनलं. बाई म्हंजी रिटायर नर्स. आवाज असा की मुंग्या बी लाइनीत चालत्यात. त्यांच्या घरी मी दोन नाताळ करंज्या सांभाळल्या. तिसऱ्या नाताळाला त्या म्हनल्या, "चर्चला चिठ्ठ्या टाकायला पेटी नाही, हा डबा देऊन टाकते." मला कुनी इचारलं न्हाई.

आमचं चर्च बेलापूरच्या अलीकडं, पाटाच्या कडंला. तिथं मंडळीतला बिभीषन छिन्नी-हातोडी घिऊन बसला आन् माझ्या झाकनावर फट पाडली. कडंला कानस मारायची राह्यली. "उद्या मारतो," म्हनला. त्याचा उद्या काय उगवला न्हाई. तवापासून मला दात हायत, आन् आसल्यावर मी चावनारच.

शाळा मी केली न्हाई. चिठ्ठ्या पोटात पडत्यात, त्या वाचून वाचून अक्षरं वळखाय लागलो. दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना आसती. पाळकसाहेब, म्हंजी आमचे पाद्री, मला उघडत्यात, एकेक चिठ्ठी माइकवर वाचत्यात, आन् सगळी मंडळी मोठ्यानं त्यासाठी प्रार्थना करती. म्हस, गुडघा, पोलीस भरती, आमच्याकडं सगळं चालतं. येका शुक्रवारी दोन चिठ्ठ्या निघाल्या. पैली, "प्रभू, सुनेच्या तोंडाला कुलूप लाव." दुसरी, "प्रभू, सासूचं कान बंद कर." पाळकसाहेबांनी दोन्हीला मिळून एकच आमेन म्हनलं. दोगी बी खूश.

एक खोड हाय पाळकसाहेबांची. चिठ्ठी आधी मनात वाचत न्हाईत. "देवापुढं काय लपवायचं?" म्हनत्यात. उघडली की थेट माइकवर. ह्या खोडीनं एक दिस घोळ केला, तेच सांगायलोय.

बिभीषन तवा सव्वीस वर्षांचा. टेम्पो चालवायचा, भजनाला ढोलकी वाजवायचा. त्यानं थाप मारली की म्हातारी मानसं बी मान हालवायची. त्याचं लगीन पारनेरच्या यशोधराशी ठरलं. पोरगी चोवीसची, मेडिकलच्या दुकानात कामाला, बोलायला खनखनीत. ईस्टरनंतरचा दुसरा गुरुवार धरला. पत्रिका छापल्या, मांडववाला ठरला.

आमच्यात लग्नाच्या आधी तीन रविवार पुकार वाचत्यात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुनाची हरकत आसंल तर सांगा. मंग सगळे मागं वळून बघत्यात, कोन उठतंय का. कवाच कोन उठत न्हाई. आमच्या लंकाबाई दर टायमाला नाराज हुत्यात. त्या सत्तरीच्या, तीस वर्षांपासनं एकट्या, आन् माझ्या शेजारच्या बाकावर बसून गावाची खबर ठेवनाऱ्या.

ह्या टायमाला दोन पुकारी झाल्या, कोन उठलं न्हाई. पन नवरदेवाचं तोंड कडू औषध पिल्यावानी.

त्याचं कारन मला म्हाईत हुतं. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तवा बाहेरगावचा एक प्रचारक आल्ता. तीन दिस सभा. डोळ्याचं पाप, मनाचं पाप, मोबाईलचं पाप. मनात आलं म्हंजी केल्यासारखंच, असं वरडून सांगितलं. दुसऱ्या दिशी तरुण संघातली पोरं खाली मान घालून चालायला लागली. एक तर हापशावर जाऊन आदळला. सगळे खो-खो हासले. बिभीषन हासला न्हाई. त्यानंतर प्रभुभोजनाचं, म्हंजी येशूच्या आठवनीतल्या भाकरी-द्राक्षरसाचं ताट त्याच्यापुढं आलं, त्यानं हात न लावता पुढं सरकावलं. "घसा बसलाय," म्हनला. पुढच्या महिन्यात बी घसाच बसलेला.

लंकाबाई कुजबुजल्या, "घसा न्हाई, काय तरी दुसरंच बसलंय."

मंग दुसऱ्या पुकारेनंतरचा गुरुवार. दुपारची येळ, चर्चमधी चिटपाखरू न्हाई. बिभीषन आला, मागच्या बाकावर बसला आन् देवाशी बोलाय लागला. मी काय कान झाकनार? मला कानच न्हाईत.

"प्रभू, तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. असलं तसलं बघनार न्हाई म्हनून मोबाईल टेम्पोच्या टूलबॉक्समधी टाकला. पाना काढाय जातो आन् मोबाईलच हातात येतो. तिचा फोन आला तरी मन धड राहात न्हाई. ती बिचारी पडद्याचा रंग इचारती, आन् माझ्या डोक्यात काय चाललेलं आसतं! असला नवरा तिला देऊ नको."

मंग खिशातला कागद काढला, गुडघ्यावर ठिवून लिवला, आन् माझ्या फटीत घातला. मी सवयीनं चावलो. रक्ताचा ठिपका कागदावर. त्यानं बोट तोंडात घातलं आन् गेला. मी मनातल्या मनात हासलो. मंग कागद वाचला आन् माझं हासू पत्र्यालाच चिकटलं.

"पुकारेला हरकत हाय. मुलगा पवित्र न्हाई. मुलीचं वाटोळं करू नका."

खाली नाव न्हाई. गड्यानं सोताच्याच लग्नावर हरकत घेतल्ती!

शुक्रवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखी चिठ्ठी उघडली आन् गोड आवाजात सुरुवात केली, "पुकारेला हरकत..." पुढं आवाज बारीक बारीक होत गेला. पन माइक तो माइक, "वाटोळं" पार पाटापलीकडं गेलं. चार जनांनी सवयीनं आमेन म्हनलं.

लंकाबाई ताडकन उठल्या. "आमेन काय म्हनता, मेल्यांनो! लगीन मोडलं की!"

आमच्याकडं नियम हाय. लेखी हरकत आली की चवकशी झाल्याबिगर पुढची पुकार वाचायची न्हाई. आन् तिसरी पुकार परवाच्या रविवारी. ती हुकली की गुरुवारचं लगीन हुकलं. पाळकसाहेबांनी लगोलग पारनेरला फोन लावला.

गावात तर नुसता धुरळा. लंकाबाईंनी एका दिसात तीन कारनं शोधली. संगमनेरची एक पोरगी, दारू, आन् चुलत्याशी भावकीचं भांडन. खरं कारन कुनालाच सुचलं न्हाई. ढोलकीवाल्याचं मन कोन बघतंय?

शनिवारी संध्याकाळी पारनेरहून जीप भरून मानसं आली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मधी टेबलावर मी. आरोपी असल्यावानी. यशोधराचे वडील तापलेले.

"कोन हाय तो? समोर या की. माझ्या लेकीच्या लग्नात डब्यातनं बोलतो व्हय!"

सत्यशीलाबाईंनी चष्मा लावला, चिठ्ठी उजेडात धरली. "हा रक्ताचा डाग आहे. पेटी चावलीय. सगळ्यांनी हात पुढे करा."

आन् काय सांगू राव! सगळ्यांनीच हात मागं घेतले. बाई रांगेनं निघाल्या, इंजेक्शन द्यायला निघाल्यावानी. एकाचं बोट कापलेलं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. सासूचं बी, सुनेचं बी. लंकाबाईंनी तर दोनी हात पदराखाली घातले. "मला संधिवात हाय," म्हनल्या.

पाळकसाहेबांच्या बोटाला पट्टी.

"तुम्हीसुद्धा?" बाई म्हनल्या.

"मीही माणूसच आहे, बाई. मीही टाकतो कधीमधी."

"मग ती वाचतं कोण?"

"मीच. जरा आवाज बदलून."

हासू फुटायच्या बेतात हुतं, तेवढ्यात बिभीषन उठला. बोट वर करून. एवढा मोठा गडी, टेम्पोचं चाक एकट्यानं बदलनारा, पन उभा शाळेतल्या पोरावानी.

"मामा, मी टाकली."

यशोधराच्या वडलांना काय कळंना. "तूच? दुसरी कोन पोरगी हाय का?"

"न्हाई."

"दारू?"

"न्हाई, मामा."

"मंग हरकत कशाची?"

"माझ्या मनाची." आन् त्यानं सांगितलं. मोबाईलचं सांगितलं, शपथांचं सांगितलं, ताट का सरकावलं ते सांगितलं. "लाज वाटती. गुडघे टेकले की वाटतं, देव तोंड फिरवून बसलाय. मंग वाटलं, ही कशाला माझ्यापायी खड्ड्यात?"

सगळे पुरुष वर पंख्याकडं बघाय लागले. एवढ्या जनांनी एकदम पंखा कवाच बघितला न्हवता. पंखा बंद हुता.

बायांच्या बाजूनं यशोधरा उठली. आईनं पदर वढला, "खाली बस गं!" ती बसली न्हाई.

"मोबाईलवरचं मला आवडलं न्हाई," ती म्हनली. "राग आलाय. त्या बाया बी कुनाच्या तरी लेकी हायत. ते सोडायचं. एका दिसात सुटनार न्हाई, मला कळतंय, पन सोडायचं. आता दुसरं. माझा फोन आल्यावर मनात येतं म्हनलात, ते पाप कसं?"

बिभीषन जमिनीकडं बघत म्हनला, "लग्नाआधी..."

"आवो, गुरुवारी लगीन हाय! मनात यायचंच न्हाई तर लगीन कशाला करायलाय, भजनाला जोडी म्हनून?"

आता मातर मागची पोरं फुटली. पाळकसाहेबांनी खोकला काढला, पन तो हासन्यातला हुता.

"आन् मी काय दगडाची हाय?" तिनं आईच्या हातातनं पदर सोडवला. "मला काय येत न्हाई मनात? मी बी रोज प्रार्थना करते, धीर दे म्हनून. मी घेतली का सोतावर हरकत? तुमी माझ्याशी एक शबूद न बोलता परस्पर मला नको म्हनलात, त्याचा राग सगळ्यात जास्त हाय. पुढच्या टायमाला डब्याला सांगायच्या आधी मला सांगायचं."

मी डबा. मला बी लाज वाटली, पैल्यांदा.

तिच्या वडलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "आमच्या टायमाला असलं कोन बोलत न्हवतं," येवढंच म्हनले.

"म्हणूनच पोरं एकटी कुढतात," सत्यशीलाबाई म्हनल्या. "तीन दिवस माइकवर घाबरवलं आपण. नंतर 'ये, बस, बोल' म्हणायला एक जण नव्हता. पाळकसाहेब, मी तुम्हालाही म्हणतेय."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मंग बिभीषनकडं गेले. "त्या ताटापासून लांब राहिलास. अरे, ते चांगल्या लोकांसाठी असतं, तर ते वाटायला मी कसा उभा राहिलो असतो?"

बिभीषनच्या डोळ्यात पानी आलं. "साहेब, पुन्ना झालं तर?"

"पुन्हा ये."

"आन् पुन्ना झालं तर?"

"मंगळवारी मी रिकामाच असतो. ये, चहा पिऊ."

ज्यानं हरकत घेतली त्यानंच लेखी मागं घ्यायची, हा बी नियम हाय. बिभीषननं पेन मागितला. सहा जनांनी एकदम दिला. त्यानं त्याच कागदावर लिवलं, "हरकत मागं घेतो." यशोधरानं कागद हातात घेतला, वाचला, आन् म्हनली, "खाली सही करा. ह्या टायमाला नावानिशी."

रविवारी तिसरी पुकार. पाळकसाहेबांनी इचारलं, "कोणाची हरकत?" सगळे मागं वळले. लंकाबाई उठल्या. माझा तर पत्रा गार पडला.

"कुनाची बी न्हाई," त्या म्हनल्या. "वाचा पुढं, जेवनं व्हायचीत!"

लगीन झालं. ढोलकी नवरदेवानं सोताच्याच वरातीत वाजवली, नवरी म्हनली तवा कुठं सोडली. मंगळवारचा चहा आता फकस्त बिभीषनचा राह्यला न्हाई. चार-पाच गडी येत्यात. आधी पावसा-पान्याचं बोलत्यात, मंग हळूच खरं.

चिठ्ठ्या बी आता सरसकट माइकवर वाचत न्हाईत. ज्यावर "वाचा" लिवलंय तेवढीच वाचायची. माझी मज्जा गेली, खरं सांगतो. पन पोट पैल्यापरास भरलेलं आसतं. लोक आता म्हशीच्या मागन्याखाली मनातल्या अजून दोन वळी लिवत्यात.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी सगळे गेल्यावर लंकाबाई माझ्यापुढं आल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पदरातनं चिठ्ठी काढली. अक्षर प्रौढशिक्षनाच्या वर्गातलं, ऊ डोंगरायेवढा. वर लिवलंय, "ही फकस्त प्रभूनं वाचावी. पाळकानं न्हाई." चिठ्ठी आत टाकली, थोडा येळ माझ्या झाकनावर हात ठिवून उभ्या राह्यल्या, आन् लाजून हासल्या. सत्तरीची बाई, सोळाची दिसली.

मी काय प्रभू न्हाई. पन पोटात पडल्यावर वाचनार न्हाई तर काय करनार? वाचली.

काय लिवलंय? न्हाई सांगनार. आजपातूर समद्यांचं सांगितलं, हे न्हाई. तळाचा पत्रा एका कोपऱ्यात दुमडलाय, त्यात ती चिठ्ठी मी गच्च धरून ठिवलीय. पाळकसाहेबांनी दोनदा मला उलटा केला, पडू दिली न्हाई. तवा मंडळी, येवढंच मागनं हाय: चिठ्ठ्या काढताना मला जास्त थोपटू नका. वर ज्याला वाचायची त्यानं वाचली आसंल.