डावं मागचं चाक

सासऱ्यांच्या मोटार शर्यतीच्या संघाला वीस वर्षं झाली, म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं. संघाचा 'देदीप्यमान इतिहास' लिहायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. कारण घरात शिकलेली ती, आणि कडेवर तान्ही मुलगी असल्यामुळे 'मोकळी'ही तीच.

इतिहास म्हणजे काय, तर बड्या कंपन्यांपुढे न झुकणारा बाणा आणि शेवटून तिसरा नंबर. एवढ्या भांडवलावर सासरे छाती काढून हिंडत. एखादा विजय सापडावा म्हणून शर्यतीच्या सकाळी ती गॅरेजात मेस्त्रींच्या जुन्या वह्या चाळत बसली. विजय काही सापडला नाही. निखळलेलं चाक मात्र तीनदा सापडलं. तिन्ही वेळा डावं मागचं. दुसऱ्या खेपेला चालकाचा पाय कायमचा अधू झाला होता. सासऱ्यांच्या टिपणात तिथे होतं, 'दैवाने साथ दिली नाही.'

"मेस्त्रीकाका, दैव नेमकं त्याच चाकावर का बसतं?"

मेस्त्रींनी हात पुसले. "वहिनी, तीन चाकं मी आवळतो, माप दाखवणाऱ्या पान्यानं. ते चौथं मालकांचं, मानाचं. ते हाताच्या अंदाजानं आवळतात. त्यांच्यामागून माप लावलं, तर अपमान होतो त्यांचा."

आज गाडी तिचा नवरा चालवणार होता. मुलीला कडेवर घेऊन ती तशीच उठून गाडीपाशी गेली. सासरे नुकतंच चाक आवळून, फोटोसाठी पाना उंच धरून उभे होते. नवरा आत बसायच्या बेतात.

"मेस्त्रीकाका, त्या चाकाला माप लावा."

"सूनबाई, या हातांना माप लागत नाही," सासरे हसले. "तू आपलं पुस्तक लिही."

"तेच करतेय, बाबा. निखळलेली तीन चाकं लिहून झाली. चौथं मी लिहिणार नाही. माप न लावता गाडी हलली, तर हिला घेऊन पुढ्यात उभी राहीन."

मेस्त्रींनी खाली मान घालून पाना लावला. नट चांगला अर्धा वेढा फिरला.

"उन्हानं सैल झाला असेल," सासरे म्हणाले. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला जराही नवल वाटलेलं दिसेना.

"तुला माहीत होतं?"

"अगं, वळणावर जाणवायचं थोडंफार," तो हातमोज्याशी चाळा करत म्हणाला. "पण बोललो असतो, तर बाबांना किती वाईट वाटलं असतं!"

तिनं मुलगी त्याच्या हातांत दिली.

"हे हिला समजावून सांग. मग बस गाडीत."